अल्विस लेडबेटरचा राहून गेलेला घटस्फोट

अल्विस लेडबेटर आमच्या आर्कान्सातल्या टॅलबर्ट काउंटीत घरोघरच्या टाक्यांमध्ये गॅस भरायचा. टँकर घेऊन इतकी वर्षं फिरल्यामुळे कुणाचा कुत्रा अंगावर येतो, कुठल्या म्हातारीला गॅसपेक्षा बोलायला माणूस हवं असतं, कोण पहिली थंडी पडेपर्यंत टाकी रिकामी ठेवतं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. उंच, खांद्यात जरा वाकलेला, एका कानाने कमी ऐकणारा. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा. एकटा राहायचा. "लग्न झालं होतं एकदा. फार वर्षांपूर्वी मोडलं," एवढंच सांगायचा, आणि असं सांगणाऱ्याला आमच्याकडे पुढे कुणी खोदून विचारत नाही.

इमोजीन स्पार्क्स माझी शेजारीण. नवरा वारल्यापासून चर्चच्या स्वयंपाकघराचा कारभार तिने अंगावर घेतला होता. तिच्या टाकीची झडप गळायला लागली म्हणून अल्विस दोनदा आला. नंतर झडप ठणठणीत असतानाही यायला लागला. दोघांनीही साठी केव्हाच ओलांडलेली. वसंतात त्यांनी लग्नाचं ठरवलं तेव्हा आम्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

लग्नाचा परवाना काढायला दोघं काउंटीच्या कोर्टात गेले. खिडकीत कारकून टॅमी होती. आमच्या काउंटीत आधीचं लग्न झालेलं असेल तर ते संपल्याचा कागद मागतात. इमोजीनने नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. अल्विसने खिसे चाचपले, जणू असा कागद माणूस खिशात घेऊन हिंडतो, आणि घरी कुठेतरी असेल म्हणाला.

घरी नव्हता. कधीच नव्हता.

झालं होतं असं. अल्विस मूळचा उत्तरेकडच्या डोंगराळ हॅमंड काउंटीतला. तिथे ऐन तरुणपणी त्याचं नेल्डा नावाच्या मुलीशी लग्न झालं. लाकडाची गिरणी बंद पडली तशी तो टेक्सासला तेलविहिरींवर गेला, एका हंगामासाठी म्हणून. हंगाम संपला आणि तो परतला नाही. भांडण नव्हतं, दुसरी बाई नव्हती. फोन आधी आठवड्याचे होते, मग महिन्याचे झाले, मग थांबले. आपण काय केलं हे सांगणं त्यामुळेच पुढे त्याला सगळ्यात जड गेलं. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तो फक्त परत गेला नव्हता. मग एका हिवाळ्यात नेल्डाच्या वकिलाकडून कागद आले. जिथे खूण केली होती तिथे त्याने सही केली, पाकीट परत पाठवलं आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. हे शेवटचं त्याने मला स्वतः सांगितलं, मी विचारलं नसताना.

आई आजारी पडली तेव्हा तो आर्कान्सात परत आला, पण आमच्या काउंटीत, आईच्या बहिणीच्या गावी. हॅमंड काउंटीची वेस त्याने पुन्हा ओलांडली नाही. घटस्फोट झाला का, कधी झाला, हे कुणाला विचारलंही नाही.

आता त्याने राज्याच्या दप्तराला पत्र घातलं. राजधानीतून, लिटल रॉकहून, उत्तर आलं की या दोन नावांचा घटस्फोट आमच्याकडे नोंदलेला नाही. खटला ज्या काउंटीत दाखल झाला तिथे चौकशी करावी. ते पत्र त्याने टँकरच्या कप्प्यात टाकलं आणि इमोजीनला सांगितलं की कोर्टातले संगणक बंद आहेत. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. तिने चर्चच्या सभागृहासाठी तारीख धरली होती आणि तिच्या बहिणी मिसुरीहून यायच्या होत्या. शेवटी घराच्या कराच्या कामासाठी ती कोर्टात गेली असताना तिनेच टॅमीला विचारलं की संगणक सुरू झाले का. टॅमी म्हणाली, ते बंद कधी होते?

संध्याकाळी अल्विस आला तेव्हा इमोजीन ओसरीवरच उभी होती.

"टॅमीचा संगणक बंद नव्हता, अल्विस," ती म्हणाली. "मी तिला म्हटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. बहिरा तू, आणि कानांना दोष मला द्यावा लागला."

तो टँकरपाशी गेला आणि पत्र घेऊन आला. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं.

"म्हणजे झाला का नाही झाला?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही, की माहीत करून घ्यायचं नव्हतं?"

"करून घ्यायचं नव्हतं," तो म्हणाला.

इमोजीन म्हणते, त्या उत्तराने खरं तर तिचा राग निम्मा उतरला होता. म्हणून तिने सरळ मनाने विचारलं की अजून काही सांगायचं राहिलंय का, सगळं एकदाच होऊन जाऊ दे. अल्विसने टोपी काढली.

"एक मुलगा आहे," तो म्हणाला. "ड्वाइट. मी गेलो तेव्हा तीन वर्षांचा होता."

ती घरात गेली आणि जाळीचं दार तिने आतून लावून घेतलं. माझ्या अंगणातून मला तो दिसत होता. बराच वेळ तो पायरीवर टोपी हातात धरून उभा होता, मग टँकर सुरू न करता तसाच आत बसून राहिला.

असा कागद न मागणाऱ्या काउंट्याही आहेत. तिथे घटस्फोटाची तारीख तोंडी सांगितली तरी चालते. अल्विसच्या मनात ते आलं होतं. इमोजीनने दार लावलं नसतं तर मी तेही केलं असतं, असं तो मला पुढे म्हणाला. पण आता एकट्याने परवाना काढून करणार काय?

दुसऱ्या आठवड्यात तो हॅमंड काउंटीच्या कोर्टात गेला. लोकांसाठी ठेवलेल्या संगणकावर अलीकडचीच वर्षं होती. जुन्या फायली तळघरात. खिडकीतल्या बाईला त्याने दोघांची नावं आणि साधारण वर्ष सांगितलं, आणि जरा मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं, असंही सांगितलं. त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. कारण बाई फाइल घेऊन वर आली तोवर जमिनीची खरेदीखतं घेतलेल्या माणसांची त्याच्या मागे रांग लागली होती, आणि बाईने त्याच्या सांगण्याप्रमाणे मोठ्यानेच वाचलं.

खटला दाखल झाला होता. त्याची सहीही होती. सुनावणीच्या तारखेला कुणी आलं नाही. नंतरही कुणी फिरकलं नाही, म्हणून न्यायाधीशांनी तो काढून टाकला.

"म्हणजे मी आता काय?" अल्विसने विचारलं.

"म्हणजे तुम्ही विवाहित आहात, साहेब," बाई म्हणाली. "पहिल्यापासून आत्तापर्यंत."

रांगेत कुणीतरी हसलं. अल्विसच्या मागच्या म्हाताऱ्याला मात्र हसू आलं नाही. त्याने जरा बाजूला होऊन अल्विसचं तोंड न्याहाळलं.

"लेडबेटर? नेल्डाचा नवरा?"

अल्विसला हो म्हणावं लागलं. बाईने आत्ताच तसं जाहीर केलं होतं.

"आम्ही धरून चाललो होतो की तुम्ही वारलात," म्हातारा म्हणाला. "ती काही बोलायची नाही. मग आम्ही तसंच समजलो."

अल्विसने खालमानेने बाईला विचारलं की नवा अर्ज इथेच करता येईल का. त्याच्या डोक्यात होतं की इथे निदान आपल्याला रोज भेटणारं कुणी नाही. बाई म्हणाली, अर्ज करणारा जिथे राहतो त्या काउंटीत करायचा असतो. तुम्ही केलात तर तुमच्याकडे. त्यांनी केला तर इथे. हे शेवटचं वाक्य धरून तो नेल्डाकडे गेला. नाहीतर गेला असता की नाही, देव जाणे.

घर तेच होतं. नेल्डा ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत होती. कोंबड्यांच्या कारखान्यात आयुष्य काढून तिची बोटं वाकडी झाली होती, पण हात भराभर चालत होते. स्वतःच्या पिकअप ट्रकमधून उतरल्यापासून पायरीपर्यंत तो चालत आला तेवढं ती बघत राहिली.

"चालतोस अजून तसाच," ती म्हणाली. "जमीन तापल्यासारखा."

तिने त्याला बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही. तो पायरीवर बसला आणि कोर्टातलं सगळं सांगितलं. तिला त्यातलं काही नवीन नव्हतं. सुनावणीच्या दिवशी पहाटे ड्वाइटच्या पोटात कळा सुरू झाल्या, अपेंडिक्स फुटलं, ती त्याला घेऊन इस्पितळात धावली. पोरगा वाचला. वकील म्हणाला, आता परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल. ती म्हणाली, राहू दे.

"मला कुठे दुसरं करायचं होतं," नेल्डा म्हणाली. "आणि तू थोडाच विचारायला येणार होतास."

मुलाच्या इस्पितळाचं अल्विसला आज कळत होतं. त्यावर नेमकं जे बोलायला नको होतं तेच त्याने बोलून टाकलं. अर्ज तूच इकडे केलास तर बरं होईल का, असं त्याने विचारलं. तिकडे सगळे ओळखीचे आहेत, लोक बोलतील.

नेल्डाचे हात तेव्हा पहिल्यांदा थांबले.

"माझ्याकडे कुणी ओळखीचं नव्हतं वाटतं?" ती म्हणाली. "एकदा मी अर्ज केला होता, अल्विस. या गावात. आता तुझी पाळी. कागद पाठव, सही करून देईन."

त्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "नेल्डा, मला इतकी वर्षं तुला सांगायचं होतं—"

"नको. ते ऐकायला मी बसले होते तेव्हा तू आला नाहीस. आता मला शेंगा आहेत."

तो उठला. पायऱ्या उतरून अंगणात पोचल्यावर मागून तिचा आवाज आला. "मुलाचं विचारलं नाहीस."

"मला वाटलं, मला विचारायचा हक्क नाही."

"नाहीच," नेल्डा म्हणाली. "तरी विचारायचं असतं."

मग तिनेच सांगितलं. ड्वाइट वीज कंपनीत तारा ओढायचं काम करतो, त्याला दोन मुली आहेत, तो चांगला आहे. अल्विसने ऐकलं आणि ट्रकमध्ये बसला. परतीच्या वाटेवर त्याला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

आमच्या कोर्टात घटस्फोटाचे अर्ज वरच्या मजल्यावर घेतात. वकील न लावता करायचे छापील नमुने तिथे मिळतात. कारणांमध्ये एक असं आहे की दोघं दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत आहेत. अल्विसने त्यावर खूण केली. खाली शेवटचं एकत्र राहिल्याची तारीख मागितली होती. त्याला ती आठवेना. गाडीत बसून त्याने खूप आठवलं. शेवटी नुसता महिना आणि साल लिहिलं, आणि तेही चुकलेलं असेल तर नेल्डा दुरुस्त करेल म्हणाला. नेल्डाने सही करून कागद परत पाठवले तेव्हा महिन्याच्या आधी तारीख भरलेली होती.

आमचं साप्ताहिक कोर्टात काय काय दाखल झालं ते छापतं. त्या आठवड्यात दोन जमिनीच्या वादांच्या खाली लेडबेटर विरुद्ध लेडबेटर आलं. सभागृहाची तारीख इमोजीनने तोवर सोडून दिली होती, तेव्हा ज्यांना अर्धवट कळलं होतं त्यांना पूर्ण कळलं. जनावरांच्या खाण्याच्या दुकानात बाकावर बसणारी मंडळी वाटच बघत होती. "अल्विस, आमच्यात लग्न आधी करतात, घटस्फोट नंतर," एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं की यंदा तू लग्नाचा कितवा वाढदिवस साजरा करणार. अल्विस त्यांच्याबरोबर हसला. आपल्या कुत्र्याचं खाणं मात्र त्या दिवसापासून तो पलीकडच्या गावातून आणायला लागला.

चर्चमध्ये त्याला कुणी काही म्हटलं नाही. पाळकांनी तर बोलावून खांद्यावर हात ठेवला. पण थाळी घेऊन बाकांच्या रांगेत शिरलं की दर माणसासमोर थांबावं लागतं, आणि माणूस पैसे टाकताना वर बघतो. ते त्याला सोसवेना. माझ्याऐवजी दुसऱ्याला सांगा, असं तो पाळकांना म्हणाला आणि मागच्या बाकावर दाराजवळ बसायला लागला. इमोजीन पुढे तिच्या नेहमीच्या जागी बसायची. जाताना त्याला मान हलवायची, गावातल्या कुणालाही हलवावी तशी.

अडचण साक्षीदाराची निघाली. नवरा-बायको खरोखर वेगळे राहिले, हे तिसऱ्या माणसाने शपथेवर सांगावं लागतं. आम्ही त्याला इतकी वर्षं एकटंच पाहिलं होतं. पण त्याच्या आधीचं, टेक्सासमधलं? तिथे बरोबर काम केलेल्या ज्या दोघांची नावं त्याला आठवत होती ते वारले होते. त्याने नेल्डाला लिहून कळवलं की तिकडचं कुणी, एखादा शेजारी, येईल का. उत्तर आलं नाही. काही दिवसांनी फोन वाजला आणि एक जाडा पुरुषी आवाज म्हणाला, "ड्वाइट बोलतोय. आई म्हणाली साक्षीदार लागतो. तारीख सांगा."

अल्विसने तारीख सांगितली. "बरं," म्हणून ड्वाइटने फोन ठेवला. मुलाचा मोठेपणीचा आवाज अल्विसने ऐकला तो असा.

सुनावणीला मीही गेले होते. इमोजीन सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली की तिला तिथे एकटीने बसायचं नाही. ती जाणार आहे हे अल्विसला ठाऊक नव्हतं. आम्ही मागे बसलो. ड्वाइट इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता. उंची बापाची, खांदेही बापाचे, फक्त अजून वाकले नव्हते. दोघं एका बाकावर बसले होते आणि मध्ये आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा होती.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. अल्विसला त्यांनी थोडकंच विचारलं. मग ड्वाइटला शपथ दिली.

"अर्जदारांशी तुमचं नातं काय?"

ड्वाइट म्हणाला, "हे माझे वडील."

कागदावरची तारीख वाचून बाईंनी विचारलं की तेव्हापासून हे आणि तुमची आई सलग वेगळे राहत आहेत का.

"हो, मॅडम."

"मध्ये कधी काही दिवस एकत्र? सणाला वगैरे?"

"नाही, मॅडम."

"आणि हे तुम्हाला कशावरून ठाऊक?"

"मी त्या घरात होतो," ड्वाइट म्हणाला. "हे नव्हते."

आवाजात राग नव्हता. रस्ता विचारणाऱ्याला माणूस जसं सांगतो तसं त्याने सांगितलं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. एवढं पुरे आहे म्हणाल्या. अल्विसची मान इतकी खाली गेली होती की मागून आम्हाला त्याची फक्त कॉलर दिसत होती. न्यायाधीशांनी घटस्फोट मंजूर केला तेव्हाही त्याने वर पाहिलं नाही. कारकुनाला त्याचं नाव दोनदा पुकारावं लागलं, आणि या वेळी ते कानामुळे नव्हतं.

बाहेर गाड्यांपाशी अल्विस मुलासमोर जाऊन उभा राहिला आणि आल्याबद्दल आभार मानायला लागला.

"आईसाठी आलो," ड्वाइट म्हणाला. "तिची एक तारीख माझ्यामुळे चुकली होती."

"तुझ्यामुळे नाही," अल्विस म्हणाला. "ती माझ्यामुळे चुकली. मी तिथे असतो तर तारीखच पडली नसती." एका दमात इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, "माझं चुकलं, ड्वाइट."

ड्वाइट गाडीच्या किल्ल्या हातात फिरवत राहिला. त्याने ते ऐकलं, पण ठीक आहे असं म्हटलं नाही, आणि मला वाटतं अल्विसनेही तशी अपेक्षा केली नसावी.

तेवढ्यात इमोजीन माझ्या शेजारून निघून सरळ त्यांच्याकडे गेली. तिने आपलं नाव सांगितलं. यांनी मला तुझ्याबद्दल सांगितलं नव्हतं, ही लाज यांची, तुझी नव्हे, असं ती त्याला अल्विससमोरच म्हणाली. मग जेवून जा म्हणाली. तो म्हणाला, मला कामावर पोचायचंय. तेव्हा तिने आमच्या गाडीतून चंदेरी कागदात गुंडाळलेलं ताट आणलं. तळलेली कोंबडी, चवळी, मक्याचा ब्रेड. मुलींसाठी वेगळ्या डब्यात पीचचं गोड सारण भरून तळलेली पाई. तिने ते सकाळीच करून ठेवलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ड्वाइटने ताट घेतलं, तिला 'थँक्यू, मॅडम' म्हणाला, बापाकडे बघून मान हलवली आणि गेला.

अल्विसने इमोजीनला विचारलं, आता आपलं काय.

"ते मी सांगेन तेव्हा," ती म्हणाली.

तिने पुढच्या वसंतापर्यंत सांगितलं नाही. मध्ये एका रविवारी तीच उठून मागच्या बाकावर त्याच्याशेजारी जाऊन बसली, पण त्याला पुढे ये म्हणाली नाही. शेवटी तिच्या घरी, पाळक आणि आम्ही चारपाच शेजारी एवढ्यांत लग्न लागलं. बहिणींना तिने नंतर कळवलं. थाळी अल्विसने पुन्हा हातात घेतली नाही, दोनदा सांगूनही.

तो आता रविवारी जेवणानंतर ड्वाइटला फोन करतो. ड्वाइट कधी उचलतो, कधी नाही. उचलला तर हरणांचं, गाडीच्या इंजिनाचं, वादळात कुठल्या तारा तुटल्या त्याचं बोलणं होतं. फोन ठेवायच्या आधी अल्विस मुलींचं विचारतो. ड्वाइट त्यांची नावं घेऊन सांगतो की दोघी बऱ्या आहेत. त्यांना भेटायला या, असं तो अजून म्हणालेला नाही.

मी हे सगळं लिहू का, असं मी अल्विसला विचारलं. तो म्हणाला, लिही, पण मी वाचणार नाही.